टेबलावरचा बारा अंकी कॅल्क्युलेटर उघडून बघूया: आत काय असतं, कसं चालतं आणि बिघडला तर हात कुठं घालायचा

दुकानातला मोठ्या बटणांचा बारा अंकी कॅल्क्युलेटर बिघडला की तो ड्रॉवरमध्ये जातो आणि नवीन येतो, कोल्हापुरात लक्ष्मीपुरीपासून मार्केट यार्डापर्यंत सगळीकडं हेच चालतं. मला ते पटत नाही. एकतर त्यातले बरेचसे कॅल्क्युलेटर थोड्या वेळात नीट होण्यासारखे असतात, आणि दुसरं म्हणजे घरातल्या सगळ्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये ही एकच अशी आहे की उघडल्यावर काम कसं चालतं ते बोट ठेवून दाखवता येतं. मोबाईल उघडून काही कळत नाही, हा उघडला की कळतं. घरात आठवी-नववीतलं पोरगं असेल तर त्याला शेजारी बसवूनच उघडा.

आत चारच गोष्टी असतात, वीज देणारा भाग म्हणजे सेल आणि सोलर पट्टी, मग बटणं, मग एक चिप, आणि डिस्प्लेची काच. यातली बटणं आणि काच दोन्ही एकाच युक्तीवर चालतात, उभ्या-आडव्या तारांच्या जाळीवर, आणि ती जाळी एकदा डोक्यात बसली की कव्हर न काढताच बिघाड कुठल्या भागात आहे ते बहुतेक वेळा सांगता येतं. बाकी सगळी दुरुस्ती म्हणजे पुसापुशी.

उघडायच्या आधी

कागदावर कॅल्क्युलेटरच्या बटणांचा नकाशा काढा, सगळी बटणं एकेक करून दाबा आणि जी चालत नाहीत त्यांच्यावर फुली मारा. जे बटण एकदा दाबलं तरी दोनदा अंक टाकतंय त्याला गोल करा. मग ८ हा अंक बारा वेळा दाबा, म्हणजे प्रत्येक घरातल्या सातही रेघा उजळायला पाहिजेत, जी रेघ दिसत नाही ती कुठल्या घरात कुठल्या जागी आहे ते लिहा. हे काम पाच मिनिटांचं आहे पण निम्मं निदान इथंच होतं.

आता जाळीचं सांगतो. समजा ३० बटणं आहेत. प्रत्येकाला वेगळी तार दिली तर चिपला ३० पाय त्यासाठीच लागतील. त्याऐवजी ५ आडव्या आणि ६ उभ्या तारा घेतल्या, म्हणजे एकूण ११, आणि जिथं जिथं त्या एकमेकींवरून जातात तिथं एकेक बटण बसवलं, की ५ गुणिले ६ तीस बटणं झाली. चिप काय करते, पहिल्या आडव्या तारेवर वीज सोडते आणि सहाही उभ्या तारांकडं बघते की कुठून परत येते का, मग दुसऱ्या तारेवर, मग तिसऱ्या, असं सेकंदात कित्येक वेळा फिरत राहते. नाटकाच्या तिकिटावर रांग आणि खुर्चीचा नंबर असला की माणूस बरोबर जागेवर जातो तसं तिला आडवी तार कुठली आणि उभी कुठली एवढं कळलं की बटण कळलं.

यावरून बिघाड कसा ओळखायचा बघा. एकच बटण बंद असेल तर त्या बटणाखालची टिकली घाण झालीय किंवा झिजलीय, बाकी सगळं ठीक आहे. पण ४, ९, % आणि एम प्लस अशी चार-पाच बटणं एकदम गेली असतील तर ते चार-पाच बिघाड नाहीत, एकच आहे, त्या सगळ्यांची सामायिक तार कुठंतरी तुटलीय. इथं एक लक्षात ठेवा, आतल्या तारेची रांग आणि वर दिसणारी बटणांची रांग सारखीच असेल असं नाही, बोर्ड छापताना जशी सोय झाली तशा तारा फिरवलेल्या असतात, त्यामुळं बंद पडलेली बटणं वरून विखुरलेली दिसली तरी आतून एका ओळीत असू शकतात.

उघडताना

लहान स्टार स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, कापसाच्या काड्या, आयसोप्रोपिल अल्कोहोल, साधा पांढरा कागद आणि जुनं एटीएम कार्ड, एवढं पुरतं. स्क्रू मागच्या बाजूला असतात पण सगळे दिसत नाहीत, एखाददुसरा रबरी पायाखाली नाहीतर सेलच्या झाकणाच्या आत लपलेला असतो, तो राहिला आणि जोर लावला की प्लास्टिक तडकतं. सगळे स्क्रू निघाले की कार्ड फटीत घालून कडेकडेनं फिरवा, आतली खिट्टी एकेक सुटत जाते. दोन्ही भाग लगेच लांब करू नका, सोलर पट्टीच्या आणि सेलच्या बारीक तारा मध्ये असतात. उघडल्या उघडल्या मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

वीज

आधी सेल मोजा. बटणासारखा एलआर ४४ असो नाहीतर पेन्सिल सेल, नवा असताना दीड व्होल्टच्या जरा वर दाखवतो, १.३ च्या खाली गेला असेल तर सरळ बदला, अंक फिकट दिसण्याचं पहिलं कारण तेच असतं. सेल फुटून पांढरी नाहीतर हिरवट भुकटी जमली असेल तर ती अल्कलाइन सेलमधली क्षारयुक्त घाण असते, म्हणून कापसाच्या काडीवर व्हिनेगरचा थेंब घेऊन पुसा, मग पाण्याच्या ओल्या काडीनं, मग अल्कोहोलनं. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवेत जी ओल असते त्यात ही भुकटी स्प्रिंग आणि तारेचा डाग म्हणजे सोल्डरचा जोड खाऊन टाकते, त्यामुळं स्प्रिंग हलवून बघा, तार सुटली असेल तर परत डाग द्या.

सोलर पट्टी तपकिरी-काळपट रंगाची असते, ती अमॉर्फस सिलिकॉनची, घरातल्या ट्यूबलाइटच्या उजेडातसुद्धा ती काम करते कारण असल्या कॅल्क्युलेटरला लागते ती वीज मायक्रोवॅटमध्ये मोजायची असते. खरी आहे का नुसती शोभेची ते बघायचं असेल तर सेल काढा, उजेडात चालू करा आणि मग पट्टीवर हात ठेवा. खरी असेल तर अंक हळूहळू फिकट होत जातील, एकदम जाणार नाहीत, कारण शेजारी एक छोटा कपॅसिटर थोडा वेळ धरून ठेवतो. सेल काढल्यावर काहीच चालत नसेल आणि पट्टीच्या मागं ताराच नसतील तर ती रंगवलेली पट्टी आहे, स्वस्तातल्या मालात हे सर्रास असतं. कडक उन्हात पट्टीतून जास्त व्होल्ट येऊन चिपला त्रास होऊ नये म्हणून बऱ्याच बोर्डांवर एक डायोड किंवा चक्क लाल एलईडी लावलेला असतो, तो कधी बाहेरून दिसत नाही, त्याचं काम फक्त जादाचं व्होल्टेज खाणं. त्याला नको असलेला पार्ट समजून काढू नका.

बटणं

बटणांखाली रबराची एक सलग शीट असते, प्रत्येक बटणाखाली एक फुगीर घुमट आणि त्याच्या पोटात काळी कार्बनची टिकली. खाली बोर्डवर दोन कंगवे एकमेकांत अडकवल्यासारखी छापील नक्षी असते, टिकली दाबली की दोन्ही कंगवे जोडले जातात. म्हणजे जाळीतली आडवी तार एका कंगव्याला आणि उभी दुसऱ्याला. मल्टिमीटर ओहमवर ठेवून टिकलीवर दोन्ही टोकं टेकवा, चांगल्या टिकलीचा रेझिस्टन्स काही शे ओहमपर्यंत असतो, हजारोंमध्ये गेला की बटण दाबून दाबून आणावं लागतं.

आता घाण. गुळाच्या अडतीवर चिकट बोटं, भांड्याच्या दुकानात धूळ, आणि उद्यमनगर किंवा शिरोलीच्या फाउंड्रीत तर लोखंडाची बारीक भुकटी, ती सगळ्यात वाईट, कारण ती वीज वाहून नेऊ शकते आणि दोन कंगव्यांच्या मध्ये बसली की बटण न दाबताच दाबल्यासारखं होतं. अशी दोन बटणं अडकली आणि तिसरं दाबलं की भलतेच अंक यायला लागू शकतात, कारण जाळीत चौकोनाचे तीन कोपरे जोडले गेले की चौथा कोपरा आपोआप जोडल्यासारखा दिसतो, आणि चिपला खरा कोणता ते कळत नाही.

साफ करताना रबर शीट साबणाच्या पाण्यात धुवून पूर्ण वाळवा, मग टिकल्या एकेक करून पांढऱ्या कागदावर हलक्या हातानं घासा, कागदावर काळी रेघ उमटली की वरचा तेलकट थर गेला. बोर्ड अल्कोहोलनं पुसा, पण नक्षी काळ्या रंगाची असेल तर ती कार्बनची छापलेली असते, तिथं खोडरबर किंवा पॉलिश पेपर अजिबात लावायचा नाही, नक्षीच उडून जाईल. टिकली पूर्ण झिजली असेल तर जुन्या टीव्ही रिमोटच्या रबरातली टिकली काढून सिलिकॉनच्या चिकटवणीनं बसवता येते, चिकटवणी पुढच्या बाजूला येऊ देऊ नका एवढंच.

एका दाबात दोन अंक का येतात? बटण दाबलं की जोड एकदम घट्ट होत नाही, काही मिलिसेकंद थरथरतो, चालू-बंद-चालू. चिपच्या प्रोग्रॅममध्ये यासाठी सोय असते, दाब दिसला की थोडं थांबून परत बघायचं आणि मगच तो खरा मानायचा. टिकली झिजली की ही थरथर त्या वेळेपेक्षा लांबते आणि चिप दोनदा मोजते. दुकानदारानं हे हलक्यात घेऊ नये, ४५० चे ४५५० झाले तर डोळ्याला कळतं पण ११० चे १११० झालेले गर्दीत निसटतात.

चिप

बोर्डच्या मधोमध काळा गोळा दिसेल, त्याच्याखाली सिलिकॉनचा उघडा तुकडा बोर्डवरच चिकटवून केसासारख्या तारांनी जोडलेला असतो आणि वर इपॉक्सी ओतलेलं असतं. हा भाग दुरुस्त होत नाही, तो गेला की खेळ संपला, पण तो सहसा जात नाही. १९५७ साली कॅसिओच्या १४-ए या यंत्रात याच कामाला ३४२ रिले लागायचे आणि ते अख्ख्या टेबलाएवढं होतं, १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये अनिता नावाचा टेबलावरचा पहिला पूर्ण इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर आला तो व्हॅक्यूम ट्यूबवर चालायचा. १९७१ मध्ये जपानच्या बिझिकॉम कंपनीच्या टेबल कॅल्क्युलेटरसाठी बनवलेली इंटेलची ४००४ चिप, तिच्यात २३०० ट्रान्झिस्टर होते आणि पुढच्या सगळ्या मायक्रोप्रोसेसरची सुरुवात तिच्यापासून धरतात. म्हणजे कॅल्क्युलेटर कॉम्प्युटरचा लहान भाऊ नाही, आजच्या कॉम्प्युटरमधली चिप कॅल्क्युलेटरसाठी जन्माला आली.

ही चिप आकडे कसे ठेवते ते मला सगळ्यात आवडतं. कॉम्प्युटर अख्खी संख्या बायनरीत, म्हणजे नुसत्या ० आणि १ मध्ये बदलतो, कॅल्क्युलेटर तसं करत नाही, तो प्रत्येक अंक वेगळा ठेवतो, एका अंकाला चार बिट, म्हणजे ० किंवा १ च्या चार जागा. ५८ म्हणजे ०१०१ आणि १०००. बेरीज आपण शाळेत करायचो तशीच, उजवीकडून एकेक घर आणि हातचा. ५८ अधिक ६७ करून बघा. ८ आणि ७, म्हणजे १००० अधिक ०१११, उत्तर ११११ म्हणजे पंधरा. पंधरा एका घरात बसत नाही, म्हणून नऊच्या वर गेलं की चिप त्यात ६ मिळवते, ११११ अधिक ०११० बरोबर १ ०१०१, पुढचा १ झाला हातचा आणि मागं राहिलं ०१०१ म्हणजे ५. सहाच का, कारण चार बिटांत सोळापर्यंतची जागा असते आणि आपल्याला दहाच पाहिजेत, मधल्या सहा जागा उडी मारून जायच्या. मग ५ आणि ६ आणि हातचा १ मिळून १२, परत ६ मिळवले, २ राहिले हातचा १. उत्तर १२५.

वजाबाकीला वेगळी यंत्रणा लागत नाही. ८५ वजा ३७ करायचं तर ३७ च्या प्रत्येक अंकाला नऊला किती कमी ते काढायचं, ६२, त्यात १ मिळवला ६३, आता ८५ अधिक ६३ बरोबर १४८, पुढचा १ सोडून द्या, ४८. उसने घ्यायची गरजच नाही.

गुणाकार म्हणजे बेरीज आणि सरकवणं. २३४ गुणिले ५६ साठी चिप २३४ सहा वेळा मिळवते, १४०४ झाले, मग एक घर डावीकडं सरकून पाच वेळा, ११७००, एकूण १३१०४. छप्पन वेळा बेरीज नाही करायची, अकराच वेळा. भागाकार याच्या उलटा, १३१०४ भागिले ५६ करताना १३१ मधून ५६ किती वेळा जातात, दोनदा, उरले १९, वरचा शून्य खाली घेतला, १९० मधून तीनदा, उरले २२, मग २२४ मधून चारदा, शिल्लक शून्य, उत्तर २३४. आपल्या चौथीच्या पाटीवरचा भागाकारच की.

अंक दहाच्या हिशोबात ठेवल्यानं एक मोठा फायदा होतो. ०.१ ही संख्या बायनरीत कधी पूर्ण लिहून होत नाही, म्हणून बऱ्याच प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये ०.१ अधिक ०.२ केलं की शेवटी एक बारीक शेपूट येतं. कॅल्क्युलेटरमध्ये बरोबर ०.३ येतं, पैशाचा हिशोब दशांशात असतो आणि यंत्रही दशांशातच मोजतं. पण जागा मात्र बाराच, म्हणून १ भागिले ३ केलं की ०.३३३३३३३३३३३ येऊन थांबतं आणि त्याला ३ नं गुणलं की बऱ्याच बारा अंकी यंत्रांवर १ येत नाही, नऊची रांग येते. याला बिघाड समजू नका. त्यामुळं हिशोबात आधी गुणाकार, नंतर भागाकार ही सवय चांगली.

चिपमध्ये असे आकडे ठेवायला दोन मुख्य कप्पे, एक स्क्रीनवरचा आणि एक मागचा, आणि तिसरा मेमरीचा. तुम्ही १२ अधिक ३ बरोबर दाबता तेव्हा १ पुढच्या कप्प्यात जातो, २ आला की १ डावीकडं सरकतो, अधिक दाबलं की १२ मागच्या कप्प्यात जातो आणि बेरीज करायची एवढी खूण राहते, खरी बेरीज होते ती पुढचं चिन्ह किंवा बरोबर दाबल्यावर. म्हणूनच साध्या कॅल्क्युलेटरवर २ + ३ × ४ चं उत्तर २० येतं आणि सायंटिफिकवर १४. किराणा बिलासाठी १२ × ४५ एम प्लस, ८ × ११० एम प्लस, मग एमआर, थेट १४२० (एम प्लस म्हणजे मेमरीत मिळव, एमआर म्हणजे मेमरीतलं दाखव). ज्यात चेक करून मागं जाता येतं अशी १२० स्टेपची मशीन असेल तर त्यात नुसते अंक ठेवायला १२० गुणिले १२ गुणिले ४ म्हणजे ५७६० बिट लागतात, ७२० बाइट, एका छोट्या मेसेजएवढे.

मशीन खराब झाली म्हणून लोक आणतात आणि खराब काही नसतं, त्यात वरच्या सरकत्या बटणाचा नंबर पहिला. ते ए वर गेलं की १२५० टाकून अधिक दाबल्यावर १२.५० होतं, कारण तो मोड शेवटचे दोन अंक पैसे समजतो. एफ वर आणा, काम झालं. दुसरं बटण बाण आणि ५/४ चं, ते वरच्या बाणावर राहिलं तर पुढचा प्रत्येक अपूर्णांक वर ढकलला जातो.

आणि टक्क्याचं बटण. ८५० × १८ % सगळीकडं १५३ देतं. पण ८५० + १८ % काही मशीनवर १००३ दाखवतं आणि काहींवर १०३६.५८, कारण त्या दुसऱ्या मशीनमध्ये विक्रीच्या किमतीवर १८ टक्के नफा सुटेल असा भाव काढायची पद्धत बसवलेली असते, ८५० भागिले ०.८२. दोन्ही मशीन बरोबरच आहेत, पण काउंटरवर जुनी काढून दुसऱ्या कंपनीची ठेवली तर बिल बदलेल. जीएसटीसकट किमतीतून मूळ किंमत काढायला टक्क्याचं बटण वापरूच नका, १००३ भागिले १.१८ करा, गुजरीत दागिन्याच्या तीन टक्क्यांसाठी भागिले १.०३, हे कुठल्याही मशीनवर सारखंच येतं.

काच

आता दुसरी जाळी. बारा घरं, प्रत्येकी सात रेघा, टिंब आणि स्वल्पविराम, म्हणजे एका घरात नऊ तुकडे, एकूण १०८. इथंही तारा वाचवल्यात, पुष्कळ काचांमध्ये घराला तीन तारा आणि मागच्या बाजूला सगळ्या घरांना सामायिक अशा तीन, ३ गुणिले ३ नऊ तुकडे झाले आणि एकूण तारा ३९. एका घरातलेच दोनतीन तुकडे गेले असतील तर त्या घराची एक तार टेकत नाहीये, आणि सगळ्या बाराही घरांतले तेच तेच तुकडे गेले असतील तर सामायिक तारेचा दोष आहे. सुरुवातीला कागदावर लिहून ठेवलेलं इथं कामाला येतं.

काच आणि बोर्ड जोडणारी रबराची पट्टी असते, तिला झेब्रा पट्टी म्हणतात, तिच्यात वीज वाहणारे आणि न वाहणारे बारीक थर आलटून पालटून असतात. ती नुसती दाबून बसवलेली असते, डाग नसतो. पट्टी, काचेची कड आणि बोर्डवरच्या पट्ट्या अल्कोहोलनं पुसा, बोटं लावू नका, आणि बसवताना काच दाबून धरणारे स्क्रू सगळे सारख्या ताणानं आवळा, एका बाजूला सैल राहिलं तर त्याच बाजूच्या रेघा जातात. काहींमध्ये झेब्राऐवजी पातळ चिकटवलेली फीत असते, ती ओढू नका, वर फोमचा तुकडा ठेवून झाकण लावलं तर बऱ्याचदा दाबानंच चालते.

काचेला वीज सतत उलटसुलट द्यावी लागते, एकाच दिशेनं दिली तर आतला द्रव हळूहळू खराब होतो, हे काम चिप करते, म्हणून उत्सुकतेपोटी सेल थेट काचेला लावून बघू नका. काळा डाग पसरलेला असेल तर काच फुटलीय, ती बदलण्यात अर्थ नाही.

पाण्यात गेलेला

२०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी दुकानांत शिरलं तेव्हा असे कॅल्क्युलेटर ढिगानं टाकून दिले गेले. पाणी गेलेला कॅल्क्युलेटर चालू करून बघायचा नाही, आधी सेल काढायचा. उघडून गाळ स्वच्छ पाण्यानं धुवा, मग अल्कोहोलनं, कारण चिखल वाळला की तारांमध्ये वीज गळायला लागते. काच वेगळी ठेवा, पाण्यात बुडवू नका. पंख्याखाली एकदोन दिवस वाळवा, उन्हात नको, उष्णतेनं काच काळी पडते.

बंद करून तपासणी

स्क्रू आवळायच्या आधी नुसतं झाकण ठेवून तपासा. १२३४५६७९ × ७२ करा, यातला ८ मुद्दाम वगळलेला आहे, उत्तर नऊ वेळा ८ आलं पाहिजे, म्हणजे बहुतेक अंक, गुणाकार आणि नऊ घरांच्या सगळ्या रेघा एकदम तपासून झाल्या. मग बारा वेळा ९ टाकून अधिक १ करा, ई म्हणजे एररची खूण दिसली पाहिजे, ती सी बटणानं जाते. शेवटी ज्या बटणाला गोल केला होता ते वीस वेळा भरभर दाबा, प्रत्येक वेळी एकच अंक आला तर स्क्रू आवळा, नाहीतर तेवढी एक टिकली परत कागदावर घासा.